जुना करार आणि बावन्न हक्कांची सनद

मराठी समीक्षेने बायबल साहित्य म्हणून फारसे वाचलेले नाही. रेव्हरंड टिळकांची कविता तिने वाचली, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’ना डोक्यावर घेतले, बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ला (१८५७) आद्य कादंबरीचा मान दिला. पण ज्या ग्रंथापायी ही माणसे घरादाराला, नात्यागोत्याला पारखी झाली तो ग्रंथ मिशनऱ्यांचा म्हणून बाजूला राहिला. प्रस्थापित समीक्षकाला त्याची गरज वाटली नसेल; त्याच्याजवळ त्याची महाकाव्ये होती. आपली गोष्ट वेगळी आहे. गुलामांच्या सुटकेची कथा मध्यभागी ठेवणारा ग्रंथ कोणाचाही असो, आपण तो आपल्या डोळ्यांनी वाचला पाहिजे.

ह्या ग्रंथातल्या एकाच गोष्टीविषयी मला इथे बोलायचे आहे. इस्राएलांच्या देवाने त्यांच्या पूर्वजांना वचन दिले आणि पिढ्या उलटल्या तरी ते पाळले, असे जुना करार पुन्हा पुन्हा सांगतो. हे विश्वासूपण म्हणजे नेमके काय? ते कोणाच्या उपयोगी पडले, कोणाच्या मुळावर आले? आणि माढ्यासारख्या गावी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या टापूत बसून ते वाचणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडते?

आधी शब्द पाहू. हिब्रूतला मूळ शब्द ‘ब्रीथ’. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपूरला मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, तेव्हापासून पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण छापल्या गेलेल्या केडगावच्या भाषांतरापर्यंत अनेक हातांनी ह्या ग्रंथाचे मराठी घडवले. वर, वरदान, आशीर्वाद, संकल्प असे कितीतरी शब्द हाताशी होते. ग्रंथाच्या नावात मात्र रूढ झाला तो ‘करार’. जुना करार, नवा करार. हा शब्द देवळातला नव्हे, कचेरीतला. अरबीतून फारसीच्या वाटेने दप्तरात आला आणि करारनामा, करारमदार होऊन खेड्यापाड्यांत पोचला. वर देणारा वर देतो आणि अंतर्धान पावतो. त्याला कोणी जाब विचारत नाही. कराराला दोन बाजू असतात, अटी असतात, आणि मोडणाऱ्याला मोडलास म्हणून सांगता येते.

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात ह्या कराराचा विधी आहे. अब्राहाम जनावरे मधोमध चिरतो आणि त्यांची शकले समोरासमोर मांडतो. सूर्य मावळल्यावर त्याला गाढ झोप लागते, आणि त्या शकलांमधून धुमसती भट्टी व जळती मशाल निघून जाते. त्या काळी पश्चिम आशियात तह करताना अशी चाल होती. शकलांमधून चालणारा जणू म्हणत असे की शब्द मोडला तर माझी अशीच खांडोळी होवो. इथे माणूस झोपलेला आहे आणि शकलांमधून देव चालतो. सामर्थ्यवान पक्ष आपली मान स्वतः अडकवून घेतो. भारतीय पुराणांत देवाने अशी जोखीम पत्करल्याची कथा मला आठवत नाही. बळीराजाच्या कथेत वचनात अडकतो तो बळी. वामन मोकळाच राहतो.

पण त्याच अध्यायात देव असेही सांगतो की तुझी संतती परक्या देशात चारशे वर्षे गुलामीत राहील. म्हणजे गुलामगिरीही करारातच लिहिलेली! निर्गमाच्या पुस्तकात हा आकडा चारशे तीस होतो. लोक कण्हतात, ते कण्हणे वर पोचते, आणि मग देवाला आपला करार ‘आठवतो’. भक्त ह्या शब्दावरून पुढे सरकतात. समीक्षकाने इथे थांबायला हवे. चारशे वर्षांनी आठवण होणारा देव विश्वासू कसा? मूळ मजकूर ह्या प्रश्नाला उत्तर देत नाही, तो लपवतही नाही. आणि तो आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. देवाला आठवण होण्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच अध्यायात, शिप्रा आणि पुवा ह्या दोन सुइणींनी फारोचा हुकूम मोडलेला असतो. मुलगे जन्मताच मारा, अशी राजाज्ञा होती. त्यांनी मारले नाहीत, आणि राजाने विचारले तेव्हा तोंडावर थाप मारली. जगाच्या वाङ्मयात इतक्या जुन्या काळी दोन सुइणींची नावे राहिली आणि राजाचे नाव राहिले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्या पुस्तकात फारो हा केवळ ‘फारो’ आहे.

मी महाविद्यालयात शिकवतो. पाठ्यक्रमात हे नाही, पण तास उरला की कधी कधी निर्गमाच्या पाचव्या अध्यायाची गोष्ट सांगतो. फारो विटांसाठी पेंढा देणे बंद करतो आणि विटांची गणती मात्र तीच ठेवतो. गणती भरली नाही की मार पडतो तो इस्राएलांतूनच नेमलेल्या नाईकांना. ते फारोकडे जाऊन रडतात आणि बाहेर आल्यावर शिव्या देतात मोशेला. हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या भागात दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एका दिवसाच्या खाड्याला कापले जाणारे पैसे. हाही करारच आहे. त्यात कोण कोणाला बांधला जातो ते वर्गातल्या निम्म्या मुलांना घरून ठाऊक असते. (एका मुलाने विचारले होते, सर, विठ्ठल उभा आहे ती वीट कोणी भाजली असेल? मी ती शंका वारकरी संप्रदायाच्या अभ्यासकांकडे पाठवतो.)

आता आपल्याकडच्या वचनाकडे वळू. गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण वचन देतो की धर्माला ग्लानी येईल तेव्हा तेव्हा मी जन्म घेईन. हिंदू समाजात देवाच्या विश्वासूपणाची ह्याहून मोठी ग्वाही नाही. पण त्याच अध्यायात थोडे पुढे तो चातुर्वर्ण्य आपणच निर्माण केल्याचे सांगतो. दोन्ही श्लोक एकत्र ठेवून वाचले की त्या वचनाचा खरा मजकूर हाती येतो. वचन पाळायला येणारा कोणती घडी पुन्हा बसवणार, हे तिथेच लिहिलेले आहे. म्हणजे विश्वासूपण हा नुसता गुण म्हणून तपासून भागत नाही. देव कशाशी विश्वासू आहे ते विचारावे लागते. शंबूकाचे काय झाले ते आपण जाणतो. तिथेही राजाने आपले कर्तव्य पाळलेच होते.

वारकरी परंपरेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि तिच्याशी मी घाईने वागणार नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे लोकांना खुली केली, बीदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला, तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बीदरला गेला आणि पैसे भरून पावती घेऊन आला, अशी कथा आहे. घोंगडी, काठी, जोहार, सारे महाराचे. देव अधिकाऱ्याला वाचवण्यासाठी महार झाला! त्याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गाडले गेले. त्या भिंतीखाली कोणी विठू आला नाही. चोखोबांबरोबर देवाने ढोरे ओढली, अशाही कथा आहेत, आणि त्यांतला जिव्हाळा खोटा आहे असे मी म्हणत नाही. ढोरे ओढू लागणारा देव ढोर ओढण्याचे काम मात्र तसेच ठेवतो. पंढरपूरच्या देवळाचे दार उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

चोखोबा आपल्या जन्माचे कारण मागच्या जन्मीच्या कृष्णनिंदेत शोधतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र असे समाधान करून घेत नाही. तो देवाला रोखठोक विचारतो की आम्हांला हीन जातीत घालून तू काय साधलेस. जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत एकोणनव्वदावे स्तोत्र आहे, ते कर्ममेळ्याच्या अभंगांशेजारी ठेवून वाचावे. त्याची सुरुवात देवाच्या विश्वासूपणाच्या गुणगानाने होते. दाविदाला दिलेले वचन कवी कलमवार आठवतो आणि मग मध्येच सूर पालटतो: आमच्या भिंती पडल्या, मुकुट धुळीला मिळाला, तूच करार मोडलास. चव्वेचाळिसावे स्तोत्र तर म्हणते की आम्ही तुझा करार विसरलो नाही, तरी तू आम्हांला मेंढरांसारखे विकलेस. ज्यांनी ही स्तोत्रे पूजेच्या पुस्तकात ठेवली, त्यांचे मला कौतुक वाटते. कर्ममेळा आणि हा स्तोत्रकार ह्यांचे दुःख एकाच जातकुळीचे आहे. फरक एवढाच की स्तोत्रकाराच्या हातात कागद आहे. तो देवाला देवाचीच सही दाखवतो. कर्ममेळ्याजवळ दाखवायला सही नाही. त्याच्या बाजूने कोणी काही लिहून दिलेलेच नव्हते.

की दिले होते? आमच्या लोकांत एक सनद सांगितली जाते. अमृतनाक नावाचा महार बीदरच्या बादशहाच्या पदरी होता. त्याने पळवून नेलेली बेगम सोडवून आणली. बादशहा संशय घेईल हे ओळखून तो जाण्यापूर्वीच स्वतःचे पुरुषत्व कापून डबीत मोहोरबंद ठेवून गेला होता. डबी उघडली, बादशहा गहिवरला, माग म्हणाला. अमृतनाकाने स्वतःसाठी काही मागितले नाही. जातीसाठी बावन्न हक्क मागितले. माझे आजोबा ह्याच तालुक्यातल्या एका गावचे येसकर. ही कथा ते ताठ मानेने सांगत. हक्क कोणते, विचारले की बोटे मोडत: मेलेल्या जनावराचा, मढ्यावरच्या कापडाचा, घरटी भाकरीचा, खळ्यावरच्या बलुत्याचा.

अब्राहामाच्या करारात देव आपली मान अडकवतो. अमृतनाकाच्या करारात कापले जाते ते महाराचे अंग, आणि बदल्यात मिळते शिळी भाकर, तीही कायमची. आणि ही सनद पाळली गेली! राजवटी बदलल्या, बीदर गेले, पेशवाई आली-गेली, इंग्रज आले, तरी गाव ह्या कराराशी इमानी राहिले. भाकरी दिली आणि राबवून घेतले. आमच्या वाट्याला आलेले हे प्राचीन विश्वासूपण. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारता’तून महार वतनावर घणाघात केला, १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, तेव्हा त्यांच्या विरोधात उभे राहणाऱ्यांत आपलीही माणसे होती. पूर्वजांनी अंग कापून मिळवलेले हक्क सोडायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. मोशेच्या लोकांनाही रानात मिसरातली मांसाची भांडी आठवत होती. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा अखेर १९५८ साली झाला.

बाबासाहेबांचा मोझेसवर एक छोटा इंग्रजी लेख आहे. अस्पृश्यांनाही यहुद्यांसारखा सुटकेचा दिवस दिसेल, ह्या आशेसाठी ते त्या कथेकडे पाहतात. त्यांचे लक्ष खिळते ते मोझेसवर: कुरकुरणाऱ्या, उलटून बोलणाऱ्या लोकांना न टाकणाऱ्या पुढाऱ्यावर. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांनी हीच कथा गाण्यांतून जागवली. हॅरिएट टबमनला लोक मोझेस म्हणत. मार्टिन ल्यूथर किंग ३ एप्रिल १९६८ च्या अखेरच्या भाषणात डोंगरावरून दिसणाऱ्या त्याच भूमीविषयी बोलले आणि दुसऱ्या दिवशी मारले गेले. इथवर ही कथा आपली आहे.

पण ती इथे संपत नाही. वचनातली भूमी मोकळी नव्हती, तिथे कनानी लोक राहत होते. यहोशवाच्या पुस्तकात त्यांची गावे जाळली जातात, बायकापोरांसह, देवाच्या आज्ञेने. रॉबर्ट वॉरियर ह्या अमेरिकेतील मूळनिवासी अभ्यासकाने १९८९ साली लिहिले की ही कथा वाचताना आम्ही स्वतःला कनानी लोकांत पाहतो. आपल्यालाही हे टाळता येणार नाही. आर्यांच्या आक्रमणाची मांडणी करून जोतीराव फुल्यांनी बळीच्या राज्याची जी कथा उभी केली, ती कनानी बाजूने सांगितलेलीच कथा आहे. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोकांना घरे सोडावी लागली. आज तीन हजार वर्षांपूर्वीचे वचन काही लोक सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे पुढे करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएलच्या पंतप्रधानांनी गाझावरील युद्धात अमालेकाची आठवण करून दिली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अमालेकी लोकांची तान्ही मुलेही ठार करण्याची आज्ञा आहे. देवाचे विश्वासूपण असे राज्यकर्त्याच्या हाती शस्त्र होते.

जुन्या करारातच ह्याला उत्तर देणारा एक माणूस आहे. तकोवाचा आमोस, गुरे राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा. तो इस्राएलांना विचारतो की तुम्ही माझ्या लेखी कूशी लोकांहून वेगळे कोण लागून गेलात? तुम्हांला मिसरातून आणले तसे पलिष्ट्यांना कफतोरातून आणि अरामी लोकांना कीर येथून मीच आणले नाही काय? पलिष्टी म्हणजे हाडवैरी. त्यांनाही देवाने निर्गमन दिले होते, असे हा गुराखी सांगतो. एका वाक्यात तो कराराची मक्तेदारी मोडतो. पुजाऱ्याने त्याला देवळातून हाकलले, हे वेगळे सांगायला नको.

हे सारे दूर देशीचे वाटू नये म्हणून कोकणाकडे पाहू. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्राएल शतकानुशतके तेलाचे घाणे चालवून राहिले. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. ग्रंथ बुडाला होता, हिब्रू विसरली होती. ‘शमा’ ही प्रार्थना, सुंता आणि शनिवार तेवढा उरला. पेणकर, रोहेकर, किहीमकर झालेली ही माणसे मराठीच बोलत. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ साली मुंबईत हिब्रू-मराठीत छापली गेली, १८७४ साली पुण्यात चित्रांसह निघाली. १८८० पासून त्यांनी आपल्या कीर्तनाची परंपरा सुरू केली. नारदीय धाटणी, मराठी ओव्या आणि आख्यानाला अब्राहाम, योसेफ, मोशे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ह्या कीर्तनांना दोन ओळीही मिळाल्या नाहीत, याची मला चीड येते. जातीने बांधलेल्या समाजात कोणाला गुलाम न करता, कोणाची जमीन न घेता प्राचीन वचन जपणारे हे लोक होते. त्यांनाही जातीची लागण झाली होती. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे भेद होते, त्यांत बेटीव्यवहार नव्हता.

१९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य लोक वचनाच्या देशात गेले. तिथे काय झाले? १९६२ साली मुख्य रब्बींच्या मंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना आदेश काढला की बेने इस्राएलांच्या मागच्या पिढ्यांची शुद्धता तपासावी. दोन हजार वर्षे शनिवार पाळला, तरी आजी कोण, पणजी कोण, सांगा! ह्या लोकांनी १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणे धरले, संसदेत चर्चा झाली, आणि मग रब्बींना आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. देवाने करार पाळला असेल. देवाच्या कारकुनांकडून तो पाळून घ्यायला मराठी बोलणाऱ्या तेल्यांना उन्हात बसावे लागले.

आपल्या राजकीय जीवनातला सर्वांत मोठा करार १९३२ चा, पुण्याचा. तो कोणत्या दडपणाखाली झाला ते वाचकांना सांगायला नको. त्यानंतर १ जानेवारी १९३८ रोजी बाबासाहेब सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोनच व्यक्तींनी आपल्या मनाचा ठाव घेतला आहे, असे सांगून त्यांनी श्रोत्यांना खडसावले की तुमच्यांत शिकलेली माणसे भरपूर, पण आपल्यावरील अन्यायाविरुद्ध तुम्ही चळवळ करत नाही. मास्तर झाला, नर्स झाली की आपापल्या संसारात. नवा करार मिळाला म्हणून जुने प्रश्न सुटत नाहीत, एवढे त्या भाषणातून कळते.

पुढे १९५६ मध्ये त्यांनी जो धम्म स्वीकारला, त्यात वचन देणारा कोणी नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या ग्रंथातला बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत देव अवतार घेतो हीच कल्पना नाकारली आहे, म्हणजे गीतेतले ते वचन साभार परत केले आहे. शब्द देणारे तिथे उभे असलेले लाखो लोक होते, आणि तो त्यांनी स्वतःलाच दिला होता. वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तर प्रतिज्ञांचे व्याकरणच निराळे आहे: क्रियापद प्रथमपुरुषी, भविष्यकाळी, कर्ता ‘मी’. निर्गमात ‘मी’ हा देवाचा शब्द आहे.

ह्यावर आपल्यातले काही मित्र म्हणतील, मग तो जुना करार वाचायचाच कशाला? माझे उत्तर व्यवहारी आहे. सोलापूर-नगर पट्ट्यात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून आपलीच भावंडे ते पुस्तक वाचत आली आहेत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्याला यादीबाहेर ठेवले. शिखांसाठी १९५६ मध्ये दुरुस्ती झाली, बौद्धांसाठी १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांसाठी झाली नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये त्याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला गेला. महारवाडा तोच, विहीर तीच, आडनाव तेच; धर्माच्या रकान्यातला शब्द बदलला की राज्यघटनेचे संरक्षण आखडते. त्यामुळे आमच्या भागात कित्येक मुलांना दोन नावे असतात, एक रविवारचे आणि एक दाखल्यावरचे. वर्गात हजेरी घेताना मी दाखल्यावरचे नाव पुकारतो, आणि मुलगा उठून ‘हजर’ म्हणतो.